थबकणारे फंक्शन : पायथॉनमधील जनरेटरचा पूर्वेतिहास

पायथॉन शिकणाऱ्याला जनरेटर सहसा ‘मेमरी वाचवणारी युक्ती’ म्हणून भेटतो. दहा लाख आकड्यांची यादी आधीच करून ठेवण्याऐवजी लागेल तसा एकेक आकडा घ्यायचा. हे खरे असले, तरी जनरेटरचा उगम वेगळ्या प्रश्नात आहे : दोन कामे एकमेकांवर अवलंबून असताना सूत्रे कोणाच्या हाती असावीत?

साधे फंक्शन ‘रिटर्न’ला पोहोचले की संपते; पुन्हा बोलावले तर श्रीगणेशा नव्याने. जनरेटर ‘यील्ड’पाशी एक मूल्य देऊन थबकतो आणि पुढचे मागताच तिथूनच चालू लागतो.

या कल्पनेला मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये ‘कोरूटीन’ हे नाव दिले. १९६३ च्या निबंधात त्यांनी कोबॉलचा कंपायलर मांडला. त्यात शब्द सुटे करणारा भाग आणि व्याकरण तपासणारा भाग यांत मालक-नोकर असे नाते नव्हते. प्रत्येकाने स्वतःला मुख्य समजून काम करावे आणि वेळ येताच दुसऱ्याला वाट द्यावी. पुढे सत्तरच्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या ‘सीएलयू’ भाषेत ‘यील्ड’ आले, तर राल्फ ग्रिसवोल्ड यांच्या ‘आयकॉन’ भाषेत जनरेटर केंद्रस्थानी आले.

पायथॉनसाठीचा प्रस्ताव, पेप २५५, मे २००१ चा. नील शेमेनॉअर, टिम पीटर्स आणि मॅग्नस ली हेटलँड हे त्याचे लेखक. त्यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे : पायथॉनचेच ‘टोकनाइज’ मॉड्यूल, म्हणजे पुन्हा शब्द सुटे करण्याचेच काम! हे मॉड्यूल प्रत्येक शब्दागणिक वापरणाऱ्याचे फंक्शन बोलावी. मागच्या वेळी आपण कुठे होतो, हे त्या बिचाऱ्या फंक्शनने लक्षात ठेवायचे. सगळे शब्द एकदम यादीत घेतले तर यादी अवाढव्य होण्याची भीती. मेमरीचा मुद्दा येतो तो इथे, एका पर्यायाची उणीव म्हणून.

डिसेंबर २००१ च्या पायथॉन २.२ मध्ये जनरेटर आले. २००६ च्या २.५ मध्ये ‘सेंड’मुळे थबकलेल्या जनरेटरला बाहेरून मूल्य देता येऊ लागले. देवाणीला घेवाणीची जोड मिळाली आणि कॉनवे यांची बरोबरीची कल्पना पायथॉनमध्ये बरीचशी उतरली. २०१५ च्या ३.५ मधील ‘असिंक’ आणि ‘अवेट’ याच वाटेवरचे.

म्हणून जनरेटर शिकवताना मेमरीचा हिशेब जरूर सांगावा. पण आधी हे सांगावे, की थांबणे म्हणजे संपणे नव्हे.