एक डिश, घरभर टीव्ही : जुन्या संगणकावर उपग्रह वाहिन्या कशा घ्याव्यात

पनवेलमध्ये हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कॉम्प्युटरला डिश जोडली तर मक्का लाइव्ह दिसेल का?" म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. नाही. आपल्याकडे गच्चीवर जी छोटी फुकटची डिश लागते, तिच्यात सौदीच्या वाहिन्या नाहीत. त्या ज्या बद्र उपग्रहांवर आहेत ते २६ अंश पूर्वेला आहेत आणि त्यांचा केयू पट्ट्याचा झोत अरब देशांसाठी वळवलेला आहे. पनवेलमध्ये दोन फुटी डिशवर त्याचा भरवसा धरू नये. हरमचे थेट प्रक्षेपण इंटरनेटवर अधिकृतपणे मोफत मिळते, अम्मी-अब्बूंसाठी तोच सरळ मार्ग. आणखी एक लक्षात ठेवा. भारतात उपग्रहावरून वाहिनी दाखवायला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची डाउनलिंकची परवानगी लागते. ती नसलेल्या परदेशी वाहिन्यांच्या मागे लागून कुणी मोठी डिश विकत असेल तर दूर राहा.

मग हा खटाटोप कशासाठी? डीडी फ्री डिशसाठी. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने ही सेवा सुरू केली. महिन्याचे भाडे नाही, रिचार्ज नाही. सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि ९३.५ अंश पूर्व या जागी उभा आहे. त्याच्यावर सह्याद्री आहे, डीडी उर्दू आहे (ही २००६ पासून), बातम्या आहेत, सिनेमाच्या वाहिन्या आहेत. शिक्षक म्हणून मला जास्त मोलाची गोष्ट म्हणजे शैक्षणिक वाहिन्या. २०१७ मध्ये सुरू झालेली स्वयंप्रभा आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये आलेली पीएम ई-विद्या, म्हणजे 'एक इयत्ता, एक वाहिनी', या त्याच डिशमध्ये येतात. पहिली ते बारावीच्या १२ वाहिन्यांपासून सुरुवात झाली. २०२२ च्या अर्थसंकल्पात ती संख्या २०० करण्याची आणि राज्यांना आपापल्या भाषेत शिकवता येण्याची घोषणा झाली.

त्या लॉकडाउनमध्ये एका घरात एक फोन आणि तीन मुले अशी स्थिती आमच्या वर्गातल्या कित्येक घरांत होती. फोन वडिलांबरोबर कामावर गेला की वर्ग बंद. टीव्हीवर धडा लागत होता, पण तो लागायचा तेव्हा मूल मदरशात असायचे किंवा घरातले मोठे दुसरे काही पाहत असायचे. संगणकात डिश घेण्याचा खरा फायदा इथे आहे. धडा आपोआप रेकॉर्ड होतो, आणि घरातल्या वायफायवर ज्याला हवा तो, हवा तेव्हा, आपल्या जुन्या फोनवर तो बघू शकतो. इंटरनेटचा डेटा एक एमबीसुद्धा खर्च होत नाही, कारण सगळी वाहतूक घरातल्या राउटरच्या आतच होते.

सामान काय लागते

डिश, तिच्या तोंडाशी बसणारा एलएनबी, आरजी-६ केबल, आणि संगणकासाठी उपग्रहाचा ट्यूनर. पहिल्या तीन गोष्टी कुठल्याही फ्री डिश बसवणाऱ्याकडे मिळतात. घरावर आधीपासून फ्री डिश असेल तर त्या आहेतच. ट्यूनर मात्र शोधावा लागतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन. खोक्यावर 'डीव्हीबी-एस२' हे शब्द दिसलेच पाहिजेत. बाजारात अंगठ्याएवढे स्वस्त यूएसबी टीव्ही ट्यूनर मिळतात, ते बहुतेक 'डीव्हीबी-टी'चे, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्याच्या प्रक्षेपणाचे असतात. त्यांचा डिशशी काही संबंध नाही. दुकानदाराने "सब चलता है" म्हटले म्हणून मी पहिला असाच घेतला होता, तो आजही कपाटात आहे. साधी खूण अशी : उपग्रहाच्या ट्यूनरला वेगळा वीज अडॅप्टर असतो किंवा तो संगणकाच्या आत पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसतो. कारण एलएनबीला केबलमधूनच १३ किंवा १८ व्होल्ट पुरवावे लागतात, आणि साध्या यूएसबीच्या ५ व्होल्टचे ते काम नाही. १३ की १८ यावरून एलएनबी उभ्या किंवा आडव्या ध्रुवणाच्या लहरी निवडतो.

म्हणूनच एका केबलला साधा स्प्लिटर लावून सेट टॉप बॉक्स आणि संगणक दोन्ही चालवायला जाऊ नका. एकाने १३ मागितले आणि दुसऱ्याने १८, की एकाचे चित्र जाते. दोन तोंडांचा ट्विन एलएनबी घ्या आणि दोन केबल टाका. खर्च थोडासाच वाढतो.

संगणक जुना चालेल. इथे तो चित्र तयार करत नाही, आकाशातून आलेला प्रवाह फक्त पुढे वाटतो, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्रही दमत नाही. पण विजेचा हिशेब आधी करा. हे बहुतेक लोक विसरतात. जुना डेस्कटॉप सुमारे ७० वॅट घेतो असे धरले तर दिवसरात्र चालू ठेवल्यावर महिन्याला ५० युनिट होतात. महावितरणचे बिल हातात आल्यावर डीटीएचचा रिचार्जच परवडला असता असे वाटेल. स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप २० वॅटवर भागवतो, म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट, आणि वीज गेली तर त्याची बॅटरी असते. रास्पबेरी पाय याहूनही कमी घेतो. या दोन्हींना यूएसबीचा ट्यूनर लागतो.

डिशची दिशा

पनवेलहून जीसॅट-१५ आग्नेयेला दिसतो. उत्तरेकडून मोजले तर १३१ अंश, आणि क्षितिजापासून ५८ अंश उंच. होकायंत्र नसेल तर आपल्या घरात एक दिशा सगळ्यांना पाठ असते, ती वापरा. पनवेलचा किब्ला २८० अंशांवर, पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे आहे. किब्ल्याकडे पाठ करून उभे राहा आणि उजवीकडे साधारण ३० अंश वळा. घड्याळाच्या काट्याने मोजले तर बारावरून एकवर. तिकडेच डिशचे तोंड.

५८ अंश ही उंची चांगली आहे. पनवेलच्या आसपासचे डोंगर आड येत नाहीत, समोरचा टॉवर मात्र येऊ शकतो. हिशेब सोपा आहे : तुमच्या गच्चीपेक्षा १६ मीटर उंच इमारत त्या दिशेला १० मीटरच्या आत असेल तरच अडथळा होतो. खारघर-कामोठ्यात खिडकीच्या जाळीवर डिश लावणाऱ्यांनी हे आधी पाहावे. खिडकी आग्नेयेला उघडत नसेल तर सोसायटीकडून गच्चीची लेखी परवानगी घ्यावी. नंतरची कटकट वाचते.

डिश पाहून एक गैरसमज होतो. ही डिश ऑफसेट घडणीची असते, म्हणजे ती जिकडे बघते असे वाटते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. त्यामुळे ५८ अंशांसाठी तबकडी उभ्या स्थितीपासून मागे फक्त ३५ अंशांच्या आसपास कलते. तबकडीच ५८ अंश मागे पाडली तर काहीच मिळणार नाही.

बोल्ट अर्धवट कसून डिश केसभर केसभर फिरवा आणि सिग्नल बघत राहा. 'स्ट्रेंथ' आणि 'क्वालिटी' असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा केबल जोडल्याबरोबर वाढतो, त्यावर जाऊ नका. 'क्वालिटी' वर आली तर उपग्रह सापडला. मग एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू गोल फिरवून 'क्वालिटी' आणखी वाढते का पाहा. बसवणारे हे करायचा कंटाळा करतात, पण पावसात चित्र टिकते ते यावरच. आपल्याकडच्या जुलैच्या मुसळधारेत ते थोडा वेळ जाणारच, केयू पट्ट्याच्या लहरी पाण्यात विरतात. पाऊस ओसरला की आपोआप येते, त्या वेळी डिश हलवायला गच्चीवर धावू नये. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र गेले तरी बिघाड समजू नका. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो.

केबलच्या कनेक्टरवर पाणी उतरू नये म्हणून घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या आणि जोडावर टेप गुंडाळा. डिशच्या खांबाला अर्थिंग हवेच. मे-जूनच्या विजा सुरू झाल्या की केबल ट्यूनरमधून काढून ठेवा. केबल लावताना-काढताना ट्यूनर बंद असावा. जाळीची एक तार मधल्या तारेला चिकटली तरी शॉर्ट होतो.

सॉफ्टवेअर

या कामासाठी टीव्हीहेडएंड हा मोफत प्रोग्राम सगळ्यात भरवशाचा आहे. तो लिनक्सवर चालतो. लिनक्सची भीती वाटत असेल तर लिब्रेइलेक नावाची तयार प्रणाली पेनड्राइव्हवरून टाका. तिच्यात कोडी असते आणि टीव्हीहेडएंड अॅड-ऑन म्हणून बसते. विंडोजच ठेवायचे असेल तर नेक्स्टपीव्हीआर आहे, तोही मोफत. ट्यूनर घेण्याआधी त्याचे मॉडेल लिनक्सवर चालते का हे पाहून घ्या. काहींना फर्मवेअरची वेगळी फाइल लागते आणि ती नसेल तर ट्यूनर ओळखला जातो पण सिग्नल शून्य राहतो.

टीव्हीहेडएंड सुरू झाला की घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा आयपी पत्ता आणि पुढे ९९८१ हा पोर्ट टाकून तो उघडतो. क्रम असा : ट्यूनर चालू करायचा, 'डीव्हीबी-एस' प्रकारचे नेटवर्क तयार करायचे, एलएनबीमध्ये 'युनिव्हर्सल' निवडायचे, मग म्हणजे 'मक्स' टाकायचे. एक मक्स म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर बांधलेली वाहिन्यांची मोळी. त्यासाठी फ्रिक्वेन्सी, ध्रुवण आणि सिंबॉल रेट हे तीन आकडे लागतात. यादीसाठी इंटरनेटवर भटकू नका, जुन्या याद्या फार फिरतात. शेजाऱ्याच्या चालू फ्री डिश बॉक्सच्या 'ट्रान्सपाँडर' मेनूत हेच आकडे लिहिलेले असतात, ते वहीत उतरवून घ्या. स्कॅन झाल्यावर सापडलेल्या सेवा वाहिन्यांना जोडल्या की काम झाले.

फोनवर व्हीएलसी टाका आणि टीव्हीहेडएंडची प्लेलिस्ट त्यात उघडा. ब्राउझरमध्ये थेट पाहायला जाल तर बऱ्याच वाहिन्या दिसणार नाहीत, कारण त्या अजून एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीत आहेत आणि ब्राउझरला ती कळत नाही. व्हीएलसीला कळते.

एक मर्यादा समजून घेतली तर घरात भांडणे होणार नाहीत. एक ट्यूनर एका वेळी एकच मक्स पकडतो. त्या मोळीतल्या वेगवेगळ्या वाहिन्या चार जणांनी चार फोनवर पाहिल्या तरी चालते. पण दादीने दुसऱ्या मोळीतली वाहिनी मागितली की ट्यूनर मोकळा नसल्याचा संदेश येतो. दोन ट्यूनरचे कार्ड घेतले तर हा प्रश्न बराच सुटतो. रेकॉर्डिंगला जागा किती? वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिट घेते असे धरले तर तासाला १.३५ जीबी. मुलाचे रोज दोन तासांचे धडे महिनाभर ठेवायचे तर ८० जीबी, म्हणजे जुनी ५०० जीबीची डिस्क पुष्कळ झाली.

काय करू नये

पैसे भरून घेण्याच्या डीटीएच वाहिन्या सांकेतिक असतात, त्या या ट्यूनरवर दिसत नाहीत. त्या 'उघडून' देणारे सर्व्हर विकणारे लोक टेलिग्रामवर भेटतात. ते कायद्याने चोरीचे आहे आणि हक्काच्या दृष्टीनेही दुसऱ्याचेच आहे. मोफत वाहिन्यांचीही एक हद्द आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३७ प्रमाणे प्रक्षेपणावर प्रसारकाचा हक्क असतो. घरातल्या घरात पाहणे वेगळे आणि तीच वाहिनी युट्युबवर, फेसबुकवर किंवा मोहल्ल्याच्या ग्रुपवर लाइव्ह सोडणे वेगळे. दम्मामच्या भावाला दिसावे म्हणून राउटरमध्ये ९९८१ पोर्ट बाहेर उघडणारेही असतात. त्यात कायद्याची अडचण आहेच, शिवाय घरच्या संगणकाचे दार साऱ्या जगाला उघडे राहते. टीव्हीहेडएंडला नाव आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी द्या.

फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे कालची वाहिनी आज नसते. दर दोन-तीन महिन्यांनी, आणि एप्रिलमध्ये नक्की, पुन्हा स्कॅन करा. स्कॅन करताना कुणाचे रेकॉर्डिंग चालू नाही ना, हे मुलांना विचारून घ्या.