बालवाडीची बाई घडते कशी

दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि लष्कर हा भाग वसला. त्याच लष्करात, महाराज बाड्याजवळच्या टोपी बाजारात माझं आयुष्य गेलं आणि इथल्याच अडीच ते सहा वर्षांच्या मुलांना मी शिकवलं. यंदा माझ्या भाचीनं बारावीनंतर पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या दोन वर्षांच्या पदविकेला नाव घातलं, तेव्हा शेजारपाजारचे विचारू लागले, ‘पोरं सांभाळायला कॉलेज कशाला?’ ती मला म्हणाली, ‘आत्या, तूच सांग त्यांना.’ सांगायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं.

रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरींनी 1907 साली पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या विचारांनी भारलेल्या गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि 1920 साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. काही वर्षांतच ताराबाई मोडक तिथं येऊन मिळाल्या. प्रार्थना समाजी घरात वाढलेल्या ताराबाई 1914 साली बी.ए. झाल्या होत्या. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचं प्रमुखपद त्यांनी सांभाळलं होतं. संसार मोडल्यावर एकटीनं उभं राहायचं होतं. अशा बाईनं मोठ्या मुलींचं अध्यापन सोडून तीन वर्षांच्या मुलांकडे वळावं, याचं त्या काळी अनेकांना नवल वाटलं असेल. मला त्यात त्यांची दूरदृष्टी दिसते.

गिजुभाई आणि ताराबाईंना लवकरच उमगलं की बालमंदिरं कितीही काढली तरी ती चालवणारी माणसं आधी घडवायला हवीत. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, शिक्षणपत्रिका निघाली. पुढे ताराबाईंनी ती मराठीतही चालवली. लहान मुलांना शिकवणं ही विद्या आहे आणि ती शिकून घ्यावी लागते, हा विचार आपल्याकडे इथून रुजला. ताराबाईंनी 1936 साली दादरला शिशुविहार काढला, तेव्हा तोच विचार मुंबईच्या मध्यमवर्गात पोचला. मॉन्टेसरी स्वतः 1939 साली मद्रासला आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि भारतभरच्या शेकडो शिक्षकांना त्यांच्याच हाताखाली शिकायला मिळालं. आमच्या मध्य भारतात हे काम इंदूरला शालिनीताई मोघ्यांनी उभं केलं. त्यांनी 1947 साली बाल निकेतन संघ स्थापन केला.

पण या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं पान मला बोर्डीचं वाटतं. शहरातली बालमंदिरं खर्चिक होती, मॉन्टेसरींची साधनं महाग होती. ताराबाई 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. बालपणी लग्न होऊन लगेच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई पस्तिशीत या कामात आल्या आणि 1992 साली देह ठेवीपर्यंत त्यातच राहिल्या. शिंपले, खडे, बिया, पानं, माती यांतून त्यांनी साधनं केली. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा वर्गच त्यांच्या अंगणात नेला; ती अंगणवाडी. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं; तिथली वारली मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळा कुरणात गेली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडीच.

कोसबाडनं आणखी एक गोष्ट सिद्ध केली. गावातली, बेताचं शिकलेली बाईसुद्धा उत्तम बालशिक्षिका होऊ शकते. मात्र तिला नीट प्रशिक्षण मिळालं पाहिजे. म्हणजे प्रशिक्षणाची ही परंपरा दार बंद करण्यासाठी निर्माण झाली नव्हती. ज्या बायकांना दुसरं कुठलंच दार उघडं नव्हतं, त्यांच्या हाती तिनं स्वतःची कमाई आणि मान दिला.

मी शिकत होते तेव्हा आमच्या बाई निरीक्षणवही रोज तपासायच्या. ‘मूल हट्टी आहे’ असं लिहिलं की त्याखाली लाल रेघ. हट्टी म्हणजे काय केलं? किती वेळ? त्याआधी काय घडलं होतं? त्या सवयीनं मला पुढे तारलं. माझ्या वर्गातला एक मुलगा कित्येक दिवस कुणाशी बोलेना. वहीत नोंदी साचत गेल्या, तशी एक गोष्ट दिसू लागली: डबा उघडताना तो बोटांनी झाकणाचा काठ चाचपायचा, कापड दिसलं की गालाला लावायचा. मी बाजारातल्या शिंप्यांकडून चिंध्या आणल्या. खादी, मखमल, रेशीम, तरट यांचे जोड केले आणि डोळे बांधून जोड्या लावायचा खेळ मांडला. त्याचा पहिला शब्द त्या खेळात फुटला: ‘मऊ’. बोर्डीला समुद्र होता, आमच्याकडे बाजार होता. गुंड्या ओवायला, राजमा-चवळी निवडायला आणि मोजायला टोपी बाजारात मला कधी काही कमी पडलं नाही. पण त्या चिंधीत साधन पाहायला मला प्रशिक्षणानं शिकवलं.

आता सरकारी धोरणानंही हे मान्य केलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आहे. बारावी झालेल्या अंगणवाडीताईंसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम त्यात सांगितला आहे. मात्र त्याच ताई आजही मानधनावर काम करतात. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला 2022 साली सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. शिक्षण मागायचं आणि वेतन द्यायचं नाही, हे ताराबाई-अनुताईंच्या कामाला धरून नाही.

म्हणून भाचीला मी सांगितलं, पदवीच्या अभ्यासाइतक्याच गांभीर्यानं ही दोन वर्षं घे. वही प्रामाणिकपणे भर, गोष्ट सांगायचा सराव कर, साधनं स्वतःच्या हातानं बनव. आणि नोकरीला लागशील तेव्हा पगाराबद्दल बोलताना मान खाली घालू नकोस. तुझ्याआधीच्या बायकांनी हे काम विद्येच्या पंक्तीला नेऊन बसवलं आहे. त्याचं पूर्ण मोल मागायचं काम तुझ्या पिढीचं आहे.