अळवावरचे पाणी आणि तेजसचा पंख : एका अदृश्य थराची कथा

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, आणि पॉलिएथिलीनवर गोंद ठरत नाही. दोन्हींमागचे मूळ तत्त्व एकच आहे. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर पॉलिएथिलीनची पृष्ठऊर्जा जेमतेम ३१. द्रव पसरला नाही तर त्याचे रेणू पृष्ठभागाला भिडत नाहीत, आणि भिडले नाहीत तर जोड धरत नाही. म्हणूनच प्लास्टिक जोडण्याचा इतिहास हा गोंदाइतकाच पृष्ठभागाचाही इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांपासून विमानांवरील रडारची आवरणे बनू लागली. कोरडी असताना ती मजबूत असत, पण दमट हवेत त्यांचे बळ घटत जाई. काचेला पाण्याची ओढ अधिक असल्याने ओलावा काच आणि रेझिन यांच्या सीमेवर शिरून दोघांना अलग करी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यावर सिलेन संयुगांचा उपाय सापडला. सिलेनचे एक टोक काचेशी बंध जोडते, दुसरे रेझिनशी. डोळ्यांना न दिसणाऱ्या या लेपाने सांध्याला पाण्याशी झुंजण्याचे बळ दिले. १९५० च्या दशकात पॉलिएथिलीनवर ज्योत किंवा विद्युत्-विसर्ग फिरवून त्याचा पृष्ठभाग शाई आणि गोंद धरण्याजोगा करण्याची पद्धतही रूढ झाली.

भारतात या प्रश्नाला हवामानाने अधिक धार आणली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने संमिश्र पदार्थांचे ‘हंस’ हे प्रशिक्षण विमान घडवले. त्याचे पहिले उड्डाण १९९३ मध्ये झाले. त्यानंतर ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरुहून तेजस प्रथम आकाशात झेपावले. त्याच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. पंखाचे अनेक भाग एकत्रच तापवून, एकजीव करून घडवण्याचे तंत्र याच प्रयोगशाळेने विकसित केले. जितके सांधे कमी, तितक्या चिंता कमी.

तरीही काही सांधे उरतातच. इपॉक्सी रेझिन हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे ते ज्या तापमानाला मऊ पडू लागते, ते तापमानच खाली येते. कोकणचा पावसाळा आणि राजस्थानचा उन्हाळा एकाच विमानाच्या वाट्याला येऊ शकतो. म्हणून असे भाग ‘उष्ण आणि ओले’ या कठोर स्थितीत तपासावे लागतात. उत्पादनात साच्याला लावलेले मेणासारखे द्रव्य भागावर उरले, तर ते घासून आणि पुसून काढावे लागते. मग जोड, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि सर्वांत वर पॉलियुरेथेनचा रंग. हा रंग अतिनील किरणांपासून रेझिनचे रक्षण करतो. तो पांढरा असेल तर उष्णताही परतवतो. संमिश्रांची अनेक लहान विमाने पांढरी दिसतात, त्यामागे केवळ शोभा नाही.

मात्र लेपाचीही मर्यादा आहे. रंग ओलाव्याची गती मंदावतो, त्याला कायमचा अडवत नाही. शिवाय स्वच्छ न केलेल्या पृष्ठभागावरचा दुबळा जोड कोणताही लेप सुधारू शकत नाही. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या तपासणीत पोकळी सापडते, पण दोन पृष्ठभाग नुसते एकमेकांना टेकलेले असतील आणि धरलेले नसतील, तर तो दोष सहसा निसटतो. म्हणून विमाननिर्मितीत प्रत्येक पायरीची नोंद ठेवतात : पृष्ठभाग कधी घासला, गोंद कधी लावला, त्या वेळी खोलीत आर्द्रता किती होती.

तयार जोडाचे बळ त्याला तोडल्याशिवाय खात्रीने मोजता येत नाही. वैमानिकाचा भरवसा अखेर त्या नोंदींवर आणि गोंद लावण्यापूर्वी कुणीतरी मन लावून केलेल्या सफाईवर उभा असतो.