तहानेने राखलेले रान

मुंबई म्हटली की खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आगगाड्या आणि माणसांची रेटारेटी उभी राहते. याच शहराच्या कुशीला, बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य आहे आणि त्यात बिबटे नांदतात, असे आपण कोणाला सांगितले तर त्याला ती थापच वाटेल!

हे अरण्य राहिले कसे, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ते राखले तहानेने. १८५४ साली मुंबईत पाण्याची इतकी टंचाई झाली की गुरे शहराबाहेर काढावी लागली. मग मिठी नदीवर बांध घालून १८६० साली विहार तलाव पुरा केला. १८७९ साली तुळशी. आता तलाव म्हटला की पाणलोट आला. वर डोंगरावर वस्ती झाली, झाडी तुटली, तर घाण आणि गाळ खाली यायचाच. आपल्या गावच्या पाझर तलावाचे तरी दुसरे काय होते? म्हणून भोवतालचे डोंगर मोकळे ठेवले गेले, आणि पाण्यासाठी राखलेल्या रानात जनावरांचे आयतेच फावले. (तसे पाहू जाता, तिथल्याच कान्हेरीच्या भिक्षूंनी कितीतरी शतके आधी खडकात पाण्याची टाकी खोदली होती. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे.)

पण शेजार आला की तंटाही आलाच. २००४ साली बिबट्यांनी काठावरच्या वस्त्यांतली अनेक माणसे मारली. जुन्नरकडे उसात धरलेले बिबटे लांबच्या रानात नेऊन सोडण्याची तेव्हा रीत होती. डॉ. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला, तो उलटेच दिसले. जिथे बिबटे सोडले, त्याच भागात हल्ले वाढले होते! मुंबईच्या या रानातही बाहेरचे बिबटे आणून सोडलेले होते.

२०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक एकत्र बसले. कचरा उचला, कारण कचऱ्यावर कुत्री जगतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधारात मूल एकटे धाडू नका. बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजऱ्याचा हट्ट धरू नका. हे शेवटचे सांगणे सोपे आहे. ज्याच्या गोठ्यातले वासरू गेले त्याचा राग मला कळतो. रानातल्या वारली पाड्यांना मात्र यात फारसे नवे नव्हते. तिथे वाघोबाला आजही पुजतात.