कर्ण्यापासून संगणकापर्यंत

माझ्या भाच्यानें सोलापुरांतील आपल्या घराच्या माडीवर एक लहानसें ध्वनिमुद्रणालय थाटलें आहे. संगणक आहे, मायक्रोफोन आहेत, मिक्सरही आहे. परवां त्यानें मला विचारलें, "मामा, आवाज आंत घेण्यासाठीं आतां नवें काय घ्यावें?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शाळामास्तर, यंत्रांतलें मला काय कळणार? परंतु इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेलें, म्हणून मीं उत्तर इतिहासांतच शोधलें.

१९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले व त्यांनीं गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. तेव्हां आवाज टिपण्यास विजेचें साहाय्य नव्हतें. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशीं पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई. आवाजानें पडदा हाले व सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. गाणाऱ्याचें तोंड कर्ण्याजवळ, साथीचीं वाद्यें मागें. तार स्वर मोठा लागला तर गाणाऱ्यानेंच मागें सरावयाचें. मिश्रण म्हणजे केवळ अंतर! एकदां मेणावर रेघ उमटली कीं तबला कमी करणें कोणाच्याही हातीं उरत नसे.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारें मुद्रण आलें, आणि १९२७ च्या २३ जुलैस मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. मायक्रोफोनमुळें कुजबुजही पकडतां येऊं लागली. अनेक मायक्रोफोन लावून प्रत्येकाचा आवाज खुंटी पिळून कमीअधिक करतां येऊं लागला. मिक्सर म्हणतात तो हाच. पण मिसळलेलें पुन्हां निराळें होत नव्हतें. १९३२ मध्यें कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला; त्यांत गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे होत्या. त्या काळच्या बोलपटांत नट चित्रीकरणाच्या वेळींच गात आणि वादक कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसत. पार्श्वगायनाचा उपाय १९३५ पासून रूढ होऊं लागला.

खरा पालट चुंबकीय फितीनें केला. १९५७ सालीं अमेरिकेंतील गिटारवादक लेस पॉल यांस अँपेक्स कंपनीनें आठ पट्ट्यांचें यंत्र बनवून दिलें. एकाच फितीवर आठ आवाज शेजारीं शेजारीं, पण स्वतंत्र! आतां आधीं मुद्रण आणि मागाहून सावकाश मिश्रण करणें शक्य झालें. आजचा संगणक तेंच काम आंकड्यांनीं करतो. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं आवाजाची मोजणी सेकंदास ४४,१०० वेळां होते. घरच्या संगणकासही तेवढी पुरते. मायक्रोफोनमधून येणाऱ्या विजेची अशी मोजणी करणारी जी पेटी, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात.

एवढा इतिहास मला पूर्वींच आठवला असता तर बरें झालें असतें. तीन वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत माझी थोरली बहीण, भाच्याची आई, जात्यावर बसली. तिला ओव्या पाठ होत्या. किती, तें तिलाही ठाऊक नव्हतें. भाच्यानें तीन मायक्रोफोन लावले आणि ते मिक्सरांतून एकत्र करून संगणकांत घेतले. त्या मिक्सरमधून संगणकाकडे दोनच वाटा जात होत्या; तिन्ही आवाज त्यांत मिसळूनच गेले. त्या क्षणीं सगळें छान वाटलें. दिवाळीपूर्वीं अक्का गेली. मग आम्हीं ऐकावयास बसलों, तों जात्याची घरघर ओवीवर चढलेली! आजचा संगणक मिसळलेला आवाज फोडूनही पाहतो. भाच्यानें तेंही केलें. घरघर कमी झाली, पण तिच्याबरोबर अक्काच्या आवाजांतला कंपही गेला. ओव्या आहेत, कित्येकींचे शब्द मात्र पिठाबरोबर भरडले गेले.

म्हणून मीं भाच्यास सांगितलें तें असें. किती मुखांची पेटी घ्यावी, हें किंमतीवर वा हौसेवर ठरवूं नये. मागाहून जें जें निराळें सुधारावें लागेल, तें तें निराळ्या वाटेनेंच आंत यावें. एक बाई आणि एक जातें, तर दोन वाटा पुरेत. मात्र त्या संगणकापर्यंत स्वतंत्र पोंचतात ना, हें विकत घेण्यापूर्वीं विचारावें. कंडेन्सर मायक्रोफोनास बहुधा ४८ व्होल्टची वीज त्या पेटींतूनच लागते, आणि तो बारीकसारीक सारें ऐकतो. शेजारीं यंत्रमागाची खडखड असेल तर साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाजवळ धरणें बरें. गैसबर्गच्या कर्ण्याचा अंतराचा धडा अजून जुना झालेला नाहीं.

आमच्या गल्लींत आणखी दोन वृद्ध बायकांस ओव्या येतात. भाच्यानें पुढच्या रविवारीं त्यांना बोलाविलें आहे. माडीवर पेटी दोन वाटांचीच असेल. अक्काचें जातें मात्र मीं धुवून, टांकी लावून ठेविलें आहे.