दाछी म्हणजे महावेडा

आधी आवाज ऐका. सहाणेवर चंदन उगाळावं, तसा मंद, गोल फिरणारा. डोळे उघडा. साल १३५०. चीनमधल्या यांगत्से नदीच्या मुखाकडल्या सोंगच्यांगमध्ये, श्या घराण्याच्या वाड्यात तुम्ही उभे आहात. उद्या दुआनवूचा सण.

दगडी दौतीवर शाईची कांडी उगाळली जातेय. काजळी आणि सरस घोटून केलेली, थेंबभर पाण्यात हळूहळू काळं सोडणारी. ती उगाळणारे ह्वांग गोंगवांग ८१ वर्षांचे आहेत. तारुण्यात ते सरकारी कारकून होते. वरिष्ठाच्या प्रकरणात तुरुंगात गेले, सुटल्यावर ताओ पंथाची दीक्षा घेतली, भविष्य सांगून पोट भरलं. चित्रकलेत खरे रमले ते पन्नाशीच्या आसपास. स्वतःला ते ‘दाछी’ म्हणवतात. दाछी म्हणजे महावेडा.

पुढे वाका. कागदाची गुंडाळी उजवीकडून डावीकडे हातभर उलगडते, तेवढीच पाहायची, मग पुढची. उंची जेमतेम ३३ सेंटीमीटर, लांबी सहा मीटरांहून जास्त. फूछुन नदीकाठचे डोंगर तुमच्या समोरून सरकू लागतात. डोंगरांच्या अंगावर तागाच्या मोकळ्या धाग्यांसारख्या रेषा. कुठे कुंचला जवळजवळ कोरडा, कुठे ओला. खाली होडीत एक कोळी. रंग एकही नाही, तरी पाण्याचा गारवा जाणवतो. कागद शाई लगेच पितो, पडलेली रेघ पुसता येत नाही. म्हणून इथे हात सरावलेला लागतो आणि मन निवांत.

आता ते चित्राच्या शेवटी मजकूर लिहितायत. हे चित्र वूयोंग या ताओपंथी मित्रासाठी आहे. कुणी ते लुबाडून नेईल अशी त्याला धास्ती, म्हणून त्यानेच आधी लिहून मागितलंय. अक्षरं उमटतात तशी वाचा: सुरुवात १३४७ मध्ये केली, मग गुंडाळी डोंगरात राहिली आणि आपण भटकत राहिलो, तीन-चार वर्षं गेली, काम अजून पुरं नाही. आता ती सामानात बरोबर घेतली आहे. सकाळ-संध्याकाळ सवड मिळेल तसा कुंचला फिरवीन.

पुन्हा वाचा. ८१ वर्षांचा माणूस सवडीची वाट पाहतोय.

एक पाऊल टाका, तीनशे वर्षं ओलांडा. १६५०. मरणशय्येवरच्या एका संग्राहकाला हे चित्र सोबत न्यायचंय, त्याच्या हुकमाने गुंडाळी आगीत पडलीय. धूर डोळ्यांत जातो. पुतण्या झेपावून ती ओढून काढतो. चित्राचे दोन तुकडे झालेत. छोटा पुढे हांगचौला राहील, मोठा तैपेईला पोचेल. २०११ मध्ये तैपेईतल्या एका प्रदर्शनात दोन्ही तुकडे शेजारी मांडले जातील.

आता परत या. तुमचं वय कितीही असो, तुमच्या टेबलावर एक कुंचला आहे. पाण्याचा थेंब टाका आणि कांडी फिरवायला लागा. काळं उतरायला वेळ लागेल. लागू द्या.