कोरड्या काळाची साधना

प्रार्थनेत मन लागत नाही, देव दूर गेल्यासारखा वाटतो, हातातले काम निरर्थक भासते आणि आयुष्य कोणत्या दिशेने चालले आहे तेच उमगत नाही, असा काळ श्रद्धावंताच्या वाट्यालाही येतो. ख्रिस्ती परंपरेने हा अनुभव कधी लपवला नाही. त्याची लक्षणे नोंदवली, कारणे शोधली आणि तो कसा पार करावा याची एक शिस्त घडवली. या शिस्तीला सोळा शतकांहून मोठा इतिहास आहे. तो प्रामुख्याने अशा माणसांनी लिहिला, ज्यांची स्वतःचीच वाट कधी ना कधी हरवली होती.

त्याची मुळे बायबलमध्ये आहेत. इजिप्तच्या दास्यातून सुटलेले इस्राएली लोक थेट वचनदत्त भूमीत पोहोचले नाहीत. चाळीस वर्षे ते रानात भटकले. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच जपले गेले. येशूने सेवाकार्याच्या आरंभी चाळीस दिवस अरण्यात काढले आणि क्रुसावर बाविसाव्या स्तोत्रातील त्यागलेपणाचा आक्रोश केला. देवाने आपल्याला सोडले असे वाटणे म्हणजे श्रद्धा संपणे नव्हे, ही ख्रिस्ती धारणा मुख्यतः या प्रसंगावर उभी आहे. राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपवासकाळ अरण्यातल्या त्या दिवसांची दरवर्षी आठवण करून देतो.

या अनुभवाचे पद्धतशीर निरीक्षण चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात झाले. संत अँथनीच्या मागोमाग शेकडो स्त्री-पुरुष गावे सोडून तेथे एकांतवासाला गेले. खोपटीत राहायचे, ताडाच्या पानांचे दोर व टोपल्या विणायच्या आणि स्तोत्रे म्हणायची, असा त्यांचा दिनक्रम असे. या तपस्व्यांना छळणाऱ्या उदासीनतेला ग्रीक भाषेत ‘आकेदिया’ म्हणत. खुद्द अँथनीही तिच्यातून सुटले नाहीत. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक कथा अशी: मन सैरभैर झाले असताना त्यांनी देवाला तरणोपायाची वाट विचारली. तेव्हा त्यांना स्वतःसारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोर वळत होता, उठून प्रार्थना करत होता आणि पुन्हा दोर वळायला बसत होता. तो देवदूत होता आणि असेच करत राहा, एवढेच त्याने सांगितले.

आकेदियाचे सर्वांत बारकाईचे वर्णन इव्हाग्रियसने केले. पोंतसचा हा विद्वान कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावाजलेला होता. तेथे एका विवाहित स्त्रीच्या मोहात सापडल्यावर तो शहर सोडून जेरुसलेमला गेला. तेथेही मन थाऱ्यावर येईना, आजारपण आले, आणि अखेर ३८३ च्या सुमारास त्याने इजिप्तची वाट धरली. ३९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. त्याने या अवस्थेला स्तोत्रातल्या भर दुपारी घाला घालणाऱ्या संकटाशी जोडले. साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन ही तिची वेळ. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. तपस्वी पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटायला येते का याची वाट बघतो. राहती जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, सोबत्यांमधले प्रेम आटले असे वाटते. घरची माणसे आठवतात, पुढचे आयुष्य अंतहीन दिसते, आणि येथून निघून जावे हा एकच विचार उरतो.

इव्हाग्रियसचा मुख्य उपाय साधा होता: खोपटी सोडू नये. अश्रू आले तर येऊ द्यावेत, आणि मनाचे जणू दोन भाग करून एकाने दुसऱ्याला धीर द्यावा. अशा वेळी म्हणायच्या बायबलवचनांचा संग्रहही त्याने तयार केला. या झुंजीनंतर मनाला खोल शांती आणि अवर्णनीय आनंद लाभतो, हे त्याने स्पष्टपणे नोंदवले.

जॉन कॅशियनने हे ज्ञान पश्चिमेत नेले. इजिप्तमध्ये राहून आल्यावर ४१५ च्या सुमारास त्याने मार्सेय येथे मठ स्थापन केले आणि आपल्या ग्रंथाचा एक पूर्ण खंड आकेदियाला दिला. त्यात आब्बा पौल या तपस्व्याची हकिकत आहे. तो वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. विणलेला माल बाजारात नेण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त होता. तरीही तो रोज नेमून घेतलेले विणकाम पुरे करी आणि वर्षाअखेरीस साठलेले सगळे जाळून टाकी. त्या कामातून पैसा मिळणार नव्हता. मन मात्र त्यामुळे जागेवर राहत होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमावलीने हीच दृष्टी मठजीवनाच्या चौकटीत बसवली. प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांच्या वेळा ठरल्या, एकाच मठात स्थिर राहण्याचे व्रत आले. वाचनाच्या वेळी कोणी बंधू आकेदियाने ग्रासला आहे का हे पाहण्यासाठी ज्येष्ठांनी फेरी मारावी, असाही नियम झाला.

पुढे पोप ग्रेगरी पहिले यांनी दोषांची यादी नव्याने मांडताना आकेदियाला खिन्नतेत सामावून घेतले. कालांतराने सात महापातकांच्या यादीत तिची जागा आळसाने घेतली. याचे नुकसान मोठे झाले. ज्या अवस्थेकडे वाळवंटातले गुरू सहानुभूतीने पाहत, तिच्यावर केवळ कामचुकारपणाचा शिक्का बसला.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये ही जुनी समज नव्या रूपात परतली. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेल्या या सरदाराने ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचली आणि आयुष्याची दिशा बदलली. पण दिशा बदलताच शांती मिळाली असे झाले नाही. पुढच्या वर्षी मानरेसा येथे त्यांना पापशंकांनी इतके घेरले की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात आले. त्या काळातल्या मनाच्या चढउतारांकडे लक्ष देऊन त्यांनी जे टिपले, त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ घडला. पोप पॉल तिसरे यांनी त्याला १५४८ मध्ये मान्यता दिली.

या ग्रंथातील कोरड्या काळाविषयीचे नियम आजही रिट्रीटमध्ये शिकवले जातात. अशा काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये. प्रार्थना कमी न करता थोडी वाढवावी. धीर धरावा, कारण समाधान परत येणार आहे. ही अवस्था कधी आपल्या हयगयीमुळे येते, कधी कसोटी म्हणून येते, तर कधी समाधान ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावे म्हणून येते. मनातला अंधार गुपित ठेवू नये, जाणत्या मार्गदर्शकापुढे मांडावा.

त्याच शतकात संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी अनुभवाच्या आणखी खोलात पाहिले. आविलाच्या संत तेरेसांबरोबर ते कार्मेल संघाच्या सुधारणेत सहभागी होते. या सुधारणेला विरोध असलेल्या संघबंधूंनीच डिसेंबर १५७७ मध्ये त्यांना पकडून तोलेदो येथे कोंडले. अरुंद, जवळजवळ अंधाऱ्या कोठडीत त्यांनी सुमारे नऊ महिने काढले आणि ऑगस्ट १५७८ मध्ये ते निसटले. ‘अंधारी रात्र’ ही त्यांची कविता आणि तिच्यावरचे भाष्य त्यानंतरचे. देव जवळ असूनही जुन्या सवयीच्या नजरेला दिसत नाही, म्हणून ही रात्र वाटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र प्रत्येक खिन्नतेला त्यांनी आध्यात्मिक मानले नाही. देवाच्या आणि जगाच्या कोणत्याच गोष्टीत गोडी न वाटणे, तरीही देवाची ओढ आणि काळजी कायम असणे, आणि पूर्वीसारखे चिंतन न जमणे, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तरच ती ‘रात्र’. एरवी कारण शरीरात किंवा स्वभावात असू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

महाराष्ट्रात या परंपरेचे दोन धागे ठळक दिसतात. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील व बहीण गमावली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण शोध तेथे संपला नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की धर्म हाती आला होता, ख्रिस्त मात्र भेटायचा होता, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली. ती आठ वर्षे रिकामी गेली नाहीत: याच काळात १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन उभे केले. आतली पोकळी भरण्याची वाट न पाहता त्यांनी विधवा मुलींच्या शिक्षणाचे काम चालू ठेवले, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त स्त्रियांना आसरा दिला.

दुसरा धागा पुण्यातला. मदर तेरेसा यांना कोलकात्यातील सेवाकार्य सुरू झाल्यापासून कित्येक दशके देवाची अनुपस्थिती जाणवत होती, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांवरून जगाला कळले. १९६१ मध्ये पुण्यात ईशज्ञान शिकवणारे येशूसंघीय धर्मगुरू जोसेफ नॉयनर यांच्याशी त्या याविषयी बोलल्या. हा अंधार म्हणजे अपयशाची खूण नाही, देवाची तहान हीच त्याच्या सान्निध्याची खूण आहे आणि हा अंधार सेवेचाच भाग आहे, असे नॉयनर यांनी समजावले. त्यानंतर अंधार हटला नाही, पण मदर तेरेसांनी त्याचा प्रेमाने स्वीकार केला.

काळ, देश आणि पंथ वेगळे असूनही या साऱ्यांचा सल्ला मिळताजुळता आहे. हरवलेपणाच्या काळात जागा सोडू नये, मोठा निर्णय घेऊ नये, रोजचे काम आणि प्रार्थना मोडू नये, आणि एकट्याने सोसू नये. खिन्नतेचे कारण आजार असेल तर डॉक्टरांकडे जाण्याने श्रद्धा उणी होत नाही. जॉन ऑफ द क्रॉस यांनी केलेला भेद हेच सुचवतो. या काळाचा अर्थ तो चालू असताना क्वचितच कळतो. म्हणूनच या परंपरेने माणसाकडून अर्थाची मागणी केली नाही, निष्ठेची केली. आणि हाच तिचा सर्वांत शहाणा वारसा आहे.